बहात्तर तासांची गोष्ट

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. साल २०१०. अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या शहरातलं एक हॉस्पिटल. रात्रीचे दोन वाजलेत. इमर्जन्सीत (आपल्याकडे ज्याला आपण कॅज्युअल्टी म्हणतो ती जागा) अँब्युलन्सने एका पंचविशीतल्या माणसाला आणलंय. हेरॉइनचा ओव्हरडोस. श्वास जवळजवळ थांबलेला, ओठ निळे. डॉक्टर नॅलॉक्सोनचं इंजेक्शन देतात आणि दोन-तीन मिनिटांत तो माणूस चक्क उठून बसतो. इतकं नाट्यमय औषध दुसरं क्वचितच असेल.

पण पुढे काय? नॅलॉक्सोनने शरीरातला हेरॉइनचा परिणाम पुसून टाकलेला असतो, त्यामुळे आता त्याला 'टर्की' सुरू होते. (हा शब्द आपल्याकडच्या गर्दच्या व्यसनींचा. घाम, उलट्या, हाडं पिळून काढल्यासारखं दुखणं.) डॉक्टरला माहीत आहे की ब्युप्रेनॉर्फिन नावाची एक गोळी जिभेखाली ठेवली तर तासाभरात याला आराम पडेल, आणि रोज घेतली तर हा माणूस कदाचित पुन्हा इथे येणारच नाही. औषध अस्तित्वात आहे, सरकारमान्य आहे. पण बहुतेक डॉक्टर त्याला ते लिहून देऊ शकत नसत. हातात एक कागद द्यायचे, ज्यावर व्यसनमुक्ती केंद्रांचे फोन नंबर असायचे. मग डिस्चार्ज.

मजा बघा. तोच डॉक्टर त्याच रात्री शेजारच्या बेडवरच्या, हात मोडलेल्या माणसाला ऑक्सिकोडोन लिहून देऊ शकत होता. म्हणजे व्यसन लावू शकणारं औषध लिहायला परवानगी आणि व्यसन सोडवणारं औषध लिहायला मनाई!

आपण सॉफ्टवेअरवाले असं काही विचित्र बघितलं की पहिला प्रश्न विचारतो, "हा कोड कोणी लिहिला, आणि का?" मग जुन्या नोंदी उकरायला लागतो. मीही तेच केलं, आणि उकरत उकरत १९१४ सालापर्यंत पोचलो. तीच ही गोष्ट.

एका टॅक्सच्या कायद्यातले चार शब्द

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अफू आणि मॉर्फीन दुकानात सर्रास मिळायचं. खोकल्याच्या बाटलीत, बाळाला झोपवायच्या औषधात, सगळीकडे. बायर कंपनीने १८९८ साली हेरॉइन बाजारात आणलं ते खोकल्याचं औषध म्हणून. तेव्हाचा नमुनेदार व्यसनी म्हणजे गल्लीतला गर्दुल्ला नव्हे, तर मध्यमवर्गीय, मध्यमवयीन गोरी बाई, जिला डॉक्टरनेच कधीतरी दुखण्यावर मॉर्फीन दिलेलं असायचं.

मग आंतरराष्ट्रीय राजकारण आलं. चीनमधल्या अफूच्या प्रश्नावर १९०९ साली शांघायला परिषद भरली, १९१२ साली हेग इथे करार झाला. (इथे आपला एक धागा आहे. चीनला जाणाऱ्या या अफूतली बरीचशी माळव्यात पिकायची आणि मुंबई बंदरातून जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या चीन व्यापारातली, आणि त्यांच्या देणगीतून मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. इतिहास असा कुठून कुठे जातो!) हेगच्या कराराला धरून अमेरिकेला स्वतःचा कायदा करणं भाग होतं. डिसेंबर १९१४ मध्ये हॅरिसन कायदा झाला.

हा कायदा दिसायला अगदी साधा. डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांनी नोंदणी करायची, वर्षाला एक डॉलर कर भरायचा, हिशेब ठेवायचा. वैद्यकीय व्यवसायावर नियंत्रण ठेवायचा अधिकार केंद्र सरकारकडे नाही, तो राज्यांकडे, अशी तेव्हाची समजूत. म्हणून कराचा आडमार्ग. म्हणजे वर्कअराउंडच. आणि कराचा कायदा म्हटल्यावर अंमलबजावणी आपोआप अर्थखात्याकडे गेली. आरोग्यखात्याचा संबंधच नाही.

त्यात डॉक्टरांसाठी एक सूट होती. डॉक्टर 'फक्त व्यवसायाच्या ओघात' ही औषधं देऊ शकतो. झालं. पुढची शंभर वर्षं या चार शब्दांभोवती फिरली. कारण प्रश्न असा, की व्यसनी माणसाला त्रास होऊ नये म्हणून मॉर्फीन देणं हा वैद्यकीय व्यवसाय आहे की नाही? कायद्याने सांगितलं नाही. अर्थखात्याने ठरवलं, नाही.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९१९ सालचा वेब खटला. मेम्फिसचा डॉक्टर वेब पन्नास सेंटला एक अशी मॉर्फीनची प्रिस्क्रिप्शनं लिहायचा आणि गोल्डबॉम नावाचा दुकानदार ती भरायचा. माणसं काही संत नव्हती हे उघड आहे. पण कोर्टाने फक्त या दोघांना शिक्षा करून थांबायचं नाही असं ठरवलं. व्यसनी माणसाची नेहमीची गरज भागवणाऱ्या चिठ्ठीला प्रिस्क्रिप्शन म्हणायचं, हा अर्थाचा इतका विपर्यास आहे की त्यावर चर्चाही नको, अशा आशयाचा निकाल आला. पाच विरुद्ध चार मतांनी! चार न्यायमूर्तींना जे पटलं नाही, त्यावर म्हणे चर्चाच नको.

निकालानंतर पंचाईत झाली. हजारो व्यसनींचा पुरवठा एकदम तुटला. म्हणून कितीतरी शहरांनी सरकारी खर्चाने दवाखाने काढले. न्यूयॉर्कच्या वर्थ स्ट्रीटवर एक होता, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला डॉ. विलिस बटलर यांचा एक होता. काही गलथान होते, काही चांगले चालले होते. बटलर यांचा तर व्यवस्थित चालल्याचं बऱ्याच अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. पण अर्थखात्याने चांगला-वाईट असा भेद केला नाही. १९२३ मध्ये श्रीव्हपोर्टचा दवाखाना बंद झाला. सरकारी पैशाने व्यसनींवर उपचार करायचा अमेरिकेतला तो पहिला प्रयोग तिथे संपला.

आणि आता ऐका. १९२५ साली त्याच सुप्रीम कोर्टाने स्पोकेनच्या डॉ. लिंडर यांच्या खटल्यात जवळजवळ उलटा निकाल दिला. पोलिसांच्या खबऱ्या बाईला चार गोळ्या दिल्या एवढाच त्यांचा गुन्हा. कोर्टाने एकमताने सांगितलं की व्यसनी हे आजारी लोक आहेत, उपचाराला पात्र आहेत, आणि त्रास कमी करायला डॉक्टरने सद्भावनेने थोडं औषध दिलं तर तो गुन्हा नव्हे. कागदावर डॉक्टर जिंकले. पण तोवर बरेच डॉक्टर तुरुंगाची हवा खाऊन आले होते, आणि बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला होता. अर्थखात्यानेही आपली पद्धत बदलली नाही. थोडक्यात, दुरुस्ती मंजूर झाली पण प्रॉडक्शनला गेलीच नाही. हॉस्पिटलांनी व्यसनींना दारातूनच परत पाठवायची सवय लावून घेतली, आणि कायदा विसरला गेला तरी सवय राहिली.

शेतावरचं हॉस्पिटल

मग या लोकांचं करायचं काय? तर तुरुंगात भरायचे. तुरुंग भरले तेव्हा १९२९ साली पोर्टर कायदा झाला आणि त्यातून १९३५ साली केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला एक अजब संस्था उभी राहिली. नाव 'नार्कोटिक फार्म'. अर्धं हॉस्पिटल, अर्धा तुरुंग, भोवती हजार एकर शेती. गायी, टोमॅटो, शिवणकाम. शिक्षा झालेले कैदी आणि स्वतःहून आलेले पेशंट एकाच छताखाली. सॉनी रॉलिन्स, चेट बेकर यांच्यासारखे जॅझचे मोठे कलाकार तिथे राहून गेले.

हेतू वाईट नव्हता. ताजी हवा, काम, शिस्त. आपल्याकडेही अजून बऱ्याच घरांत हेच सांगतात, "गावाला पाठवा, शेतात राबेल, सुधारेल." अगदी खरं सांगायचं तर हे सगळं वाचायच्या आधी मलाही तसंच वाटायचं. पण आकडे काय सांगतात? लेक्सिंग्टनहून न्यूयॉर्कला परत गेलेल्या जवळपास दोन हजार लोकांची पाहणी १९६२ साली प्रसिद्ध झाली. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक पुन्हा व्यसनात अडकले होते, आणि तेही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. शेतावर माणूस बरा व्हायचा. घरी परतला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लेक्सिंग्टनची एक चांगली बाजू मात्र सांगायला हवी. तिथे संशोधन केंद्र होतं. (कैद्यांवर प्रयोग व्हायचे, आणि बदल्यात त्यांना ड्रग्ज मिळायची, यावरून १९७०च्या दशकात मोठा गदारोळ झाला, तो योग्यच होता.) ब्युप्रेनॉर्फिन व्यसनाच्या उपचाराला उपयोगी पडेल हे डोनाल्ड जासिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडलं, ते याच केंद्राच्या कामातून. औषध मूळ इंग्लंडचं, १९६६ साली रेकिट अँड कोलमन कंपनीत शोधलेलं. हो, डेटॉलवाले रेकिट!

ह्यूजेस, निक्सन आणि एक विसरलेलं कलम

१९६०च्या दशकात हवा बदलली. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं व्यसनी असणं हा गुन्हा ठरवता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मरी निस्वांडर या दोघांनी हेरॉइनच्या व्यसनींना रोज मेथाडोन द्यायला सुरुवात केली आणि १९६५ साली पहिल्या २२ पेशंटचे निष्कर्ष छापले. माणसं शाळेत, नोकरीवर जायला लागली होती. अंमली पदार्थ विभागाचे अधिकारी डोल यांना दम द्यायला आले, तेव्हा त्यांनी "खुशाल कोर्टात खेचा, म्हणजे एकदाचा निकाल लागेल" असं सांगितल्याची आठवण ते सांगत. अधिकारी गेले ते गेलेच.

आणि मग राजकारणात एक माणूस आला, हॅरल्ड ह्यूजेस. आयोवाचा. एकेकाळचा ट्रक ड्रायव्हर आणि पक्का दारुडा. त्यातून बाहेर पडून राज्याचा गव्हर्नर झाला, मग सिनेटर. आपण दारुडे होतो हे तो उघड सांगायचा. त्या काळात! त्याच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्यावर निक्सन यांनी ३१ डिसेंबर १९७० ला सही केली. दारूच्या उपचारासाठी केंद्राचा पैसा, आणि जोडीला एक महत्त्वाचं कलम: केंद्राचा पैसा घेणाऱ्या सर्वसाधारण हॉस्पिटलांनी केवळ दारूचं व्यसन आहे म्हणून कुणाला उपचार नाकारायचे नाहीत.

सव्वा वर्षाने, मार्च १९७२ मध्ये, ड्रग्जसाठी तसाच कायदा झाला. त्यात तर शब्दच 'आणीबाणीची वैद्यकीय अवस्था' असे होते. अशा अवस्थेत आलेल्या माणसाला तो ड्रग्ज घेतो एवढ्याच कारणाने कोणत्याही सरकारी मदत घेणाऱ्या हॉस्पिटलने परत पाठवायचं नाही. व्हिएतनामहून हेरॉइनची सवय लागलेले सैनिक परतत होते, त्यामुळे पैसाही होता. ज्या निक्सनचं नाव 'ड्रग्जविरुद्ध युद्ध' म्हणून घेतलं जातं, त्याच्याच काळात सुरुवातीला पोलिसांपेक्षा उपचारावर जास्त खर्च झाला, हे मला वाचताना दोनदा तपासून बघावंसं वाटलं.

म्हणजे १९७२ साली कायद्याने इमर्जन्सीचं दार उघडलं होतं. मग २०१०च्या त्या डॉक्टरचे हात कुणी बांधले?

आणि आले ते ७२ तास

मेथाडोन क्लिनिकं भराभर निघाली तशी त्यातली गोळ्या-बाटल्या बाहेर विकल्या जायला लागल्या. म्हणून १९७४ साली आणखी एक कायदा. व्यसनाच्या उपचारासाठी असलं औषध द्यायचं तर वेगळी नोंदणी हवी, ठरलेल्या क्लिनिकमधूनच हवं. सामान्य डॉक्टर आणि सामान्य हॉस्पिटल पुन्हा बाहेर.

इमर्जन्सीसाठी नियमावलीत एक छोटी फट ठेवली. तीच ही 'बहात्तर तासांची'. टर्की सुरू असलेल्या पेशंटला कोणीही डॉक्टर औषध देऊ शकतो, पण अटी बघा: औषध समोर उभं राहून द्यायचं, लिहून द्यायचं नाही. एका वेळी एकाच दिवसाचं. दरम्यान त्याला दुसरीकडे पाठवायची व्यवस्था करायची. जास्तीत जास्त तीन दिवस. मुदत वाढवता येणार नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालायचं याचा हिशेब करा. शुक्रवारी रात्री आलात. पहिला डोस मिळाला. शनिवारी पुन्हा इमर्जन्सीत या, रांगेत बसा, डोस घ्या. रविवारी पुन्हा. आणि सोमवारी? क्लिनिकमध्ये जागा नसेल, तर चौथ्या दिवशी कायद्याने कुणीही काही देऊ शकत नाही. चौथ्या दिवशी औषध देणारा एकच माणूस उरतो, आणि तो कोपऱ्यावर उभा असतो.

आणखी एक गंमत. त्याच नियमात अशी सोय होती की पेशंट दुसऱ्या एखाद्या आजारासाठी हॉस्पिटलात भरती असेल, तर त्या दरम्यान व्यसनाचं औषध हवं तितके दिवस देता येतं. म्हणजे पाय मोडला असेल तर उपचार मिळतील; नुसतंच व्यसन असेल तर नाही. आजारी पडायचं तर बरोबर दुसरा आजारही आणायचा!

पैशाच्या बाजूनेही अशाच गाठी होत्या. १९६५ साली मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सुरू झाला तेव्हा मानसिक आणि व्यसनाच्या मोठ्या संस्थांमध्ये राहणाऱ्या प्रौढांचा खर्च त्यातून वगळला होता. १६ पेक्षा जास्त खाटा असतील तर केंद्राचा पैसा नाही, अशी ती मर्यादा पुढे पक्की झाली. त्याही आधी, १९४७ च्या एका नमुना कायद्याला धरून, बऱ्याच राज्यांत विमा कंपन्यांना मुभा होती की जखमी माणूस दारूच्या वा ड्रग्जच्या अमलाखाली असेल तर बिल भरायचं नाही. परिणाम काय होणार? इमर्जन्सीतले डॉक्टर रक्तातली दारू तपासायचीच टाळायला लागले. तपासलं नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर बिल अडकत नाही. पण नोंद नाही तर उपचारही नाही! सिएटलच्या हार्बरव्ह्यू हॉस्पिटलात १९९९ साली लॅरी जेंटिलेलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जखमी होऊन आलेल्या मद्यपींशी तिथेच अर्धा तास नीट बोललं, तर पुन्हा जखमी होऊन हॉस्पिटल गाठायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. अर्धा तास! आणि तेवढ्यासाठी आधी 'हा प्यायलेला होता' हे कागदावर लिहायला लागायचं.

१९८६ साली आणखी एक मोठा कायदा झाला. खाजगी हॉस्पिटलं पैसे नसलेल्या पेशंटना तसंच सरकारी हॉस्पिटलांत ढकलून देत होती, शिकागो-डॅलसच्या गोष्टी गाजल्या. म्हणून मेडिकेअरचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने इमर्जन्सीत येणाऱ्या प्रत्येकाला तपासलंच पाहिजे आणि 'स्थिर' केलंच पाहिजे असा नियम झाला. चांगला कायदा, आजही लाखो लोकांचा आधार. पण त्यात दोन गोष्टी नव्हत्या. एक, यासाठी वेगळा पैसा. दोन, 'स्थिर' म्हणजे काय याचा व्यसनाच्या बाबतीत विचार. श्वास चालू आहे, नाडी ठीक आहे, म्हणजे स्थिर. जा घरी.

एक्स नंबर

ऑक्टोबर २००० मध्ये वाटलं की आता सुटलं. नव्या कायद्याने साध्या डॉक्टरला त्याच्या दवाखान्यातून व्यसनावरचं औषध लिहायची मुभा दिली, आणि २००२ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनला त्यासाठी मंजुरी मिळाली. हे औषध सुरक्षित का? साध्या भाषेत, हेरॉइन मेंदूतल्या कुलपाची किल्ली पूर्ण फिरवतं, हे अर्धीच फिरवतं आणि किल्ली तशीच कुलपात ठेवतं. टर्की थांबते, पण ठरावीक मर्यादेपुढे श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही, आणि वरून हेरॉइन घेतलं तरी ते आत शिरायला झगडतं. फ्रान्सने १९९५ पासून साध्या डॉक्टरांना हे लिहायची परवानगी दिली होती आणि पुढच्या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास ८० टक्क्यांनी कमी झाले.

अमेरिकेने परवानगी दिली, पण अटींसकट. आठ तासांचं प्रशिक्षण, वेगळा अर्ज, 'एक्स'ने सुरू होणारा वेगळा नंबर आणि एका वेळी ३० पेशंट. (मर्यादा पुढे १००, मग २७५ झाली.) ऑक्सिकॉन्टिन लिहायला असलं काही लागत नव्हतं. इमर्जन्सीतल्या बहुतेक डॉक्टरांनी तो नंबर घेतलाच नाही. त्यांच्यासाठी १९७४ च्या जमान्यातले ७२ तासच राहिले.

कोंडी फोडली ती एका प्रयोगाने. येलच्या गेल डी'ऑनोफ्रिओ यांनी न्यू हेवनच्या इमर्जन्सीत आलेल्या ३२९ पेशंटचे तीन गट केले. एकाला नुसता केंद्रांचा पत्ता दिला. दुसऱ्याशी थोडं बोलून, फोन लावून पाठवणी करून दिली. तिसऱ्याला तिथेच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं. तिसाव्या दिवशी उपचारात टिकलेले किती? पहिल्या गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ४५ आणि तिसऱ्यात ७८. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो: दहा आठवड्यांनी त्या हॉस्पिटलने द्यायचे उपचार संपले, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर तिन्ही गट जवळपास सारखे झाले होते. याचा अर्थ काही जण लावतात की उपयोग नाही. मला वाटतं अर्थ उलटा आहे. इमर्जन्सी हे दार आहे. आत खोली नसेल तर दार उघडून माणूस कुठे जाणार? आणि खोलीचं भाडं कुणीतरी भरावं लागतं.

किती घाई आहे याचाही आकडा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ओव्हरडोसमधून वाचून इमर्जन्सीतून घरी गेलेल्या साडेअकरा हजार लोकांचा माग काढला. वर्षभरात ५.५ टक्के दगावले, आणि त्यातला प्रत्येक पाचवा पहिल्याच महिन्यात. हातात तो फोन नंबरांचा कागद असताना.

मॅसॅच्युसेट्सनेच ऑगस्ट २०१८ मध्ये कायदा केला की राज्यातल्या हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीत हे उपचार तिथल्या तिथे सुरू करायची सोय असलीच पाहिजे. त्याच वर्षी केंद्राच्या कायद्याने मेडिकेडच्या १६ खाटांच्या अटीतही थोडी वाट काढली. राहिले ते ७२ तास. त्यासाठी विधेयक आणलं कॅलिफोर्नियाच्या राउल रुइझ यांनी, जे स्वतः इमर्जन्सीचे डॉक्टर होते. डिसेंबर २०२० मध्ये ते मंजूर झालं: तीन दिवसांचं औषध एकदम हातात देता येईल. बस, एवढंच. रोज रांगेत बसायला नको. एवढ्या साध्या बदलाला ४० वर्षांहून जास्त लागली, आणि तो नियमावलीत उतरायला २०२३ उजाडलं.

मग २९ डिसेंबर २०२२. बजेटच्या हजारो पानी कायद्यात एक कलम होतं: एक्स नंबर रद्द. आता अफूवर्गीय वेदनाशामक लिहिण्याची नेहमीची नोंदणी असलेला कोणताही डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन लिहू शकतो. १९१४ च्या त्या चार शब्दांनी जो प्रश्न अर्धवट ठेवला होता, त्याचं कायद्याने नीट उत्तर द्यायला १०८ वर्षं लागली.

मग सगळं सुरळीत झालं का?

नाही ना. नंबर रद्द झाल्यावर हे औषध लिहिणारे डॉक्टर वाढले, पण घेणारे पेशंट त्या मानाने वाढले नाहीत. ज्यांना १९१४ नंतर पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं की हे लोक आपले पेशंट नव्हेत, त्यांना एका कलमाने उलटं कसं वाटेल? मेथाडोन अजूनही क्लिनिकबाहेर मिळत नाही, २०२४ मध्ये घरी न्यायचे नियम सैल झाले तरी. आणि पैशाचा प्रश्न आहेच. अफूवर्गीय व्यसन असलेल्या प्रौढांचा सगळ्यात मोठा आधार मेडिकेड, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्यात कामाची अट आणलीय. व्यसनाधीनांना तीतून सूट आहे, पण सूट म्हटली की अर्ज आला, कागद आले. ज्याला उद्या सकाळी उठून उभं राहणं कठीण आहे, त्याने फॉर्म भरायचे.

२०२१ ते २०२३ या तीन वर्षांत दर वर्षी लाखाहून जास्त अमेरिकन ओव्हरडोसने गेले. २०२४ मध्ये आकडा सुमारे ८० हजारांवर आला. का उतरला यावर अभ्यासकांत वाद आहेत. नॅलॉक्सोन जागोजागी मिळतंय, फेंटानिलचा बाजार बदललाय, उपचार वाढलेत, आणि काही जण म्हणतात की मरायचे ते मरून गेले. सगळ्यातच थोडं तथ्य असावं.

मला हा सगळा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. यातला एकही नियम कुणी दुष्टपणाने लिहिला नव्हता. १९१४ ला डॉक्टरांना सूट द्यायची होती. १९७४ ला काळाबाजार थांबवायचा होता. ७२ तास तर दयाबुद्धीनेच दिले होते. प्रत्येकाने आपापला पॅच लावला, कारण प्रत्येकासमोर त्या दिवशीचा एक खरा प्रॉब्लेम होता. पण रात्री दोन वाजता कॉटवर उठून बसलेला माणूस कुणाच्याच रिक्वायरमेंटमध्ये नव्हता. ह्यूजेससारख्यांनी त्याला १९७०-७२ मध्ये कायद्यात आणलं, कारण ह्यूजेस स्वतः तिथे जाऊन आला होता. रुइझ यांनी २०२० मध्ये पुन्हा आणलं, कारण ते त्या कॉटच्या बाजूला उभे राहिले होते. बाकीच्यांना तो दिसलाच नाही, आणि तो काही समितीसमोर साक्ष द्यायला येत नाही.

असो. फार लांबलं. चहा केव्हाच गार झालाय. पुढच्या शनिवारी जरा हलकंफुलकं काहीतरी, नक्की :)